सांस्कृतिक संध्या कुणाची?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात कुठलाही इंग्रजी कागद आला, की तो आमच्या ओट्यावर येतो. बँकेची नोटीस असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, ती मला वाचता आलीच पाहिजे असा वडीलधाऱ्यांचा समज आहे, आणि तो मोडण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही. गेल्या वर्षी पौषात याच समजापायी मी दुभाषा झालो. माझे इंग्रजी कसे आहे हे आमच्या इंग्रजीच्या सरांना ठाऊक आहेच. त्यांनी हा लेख वाचताना हसू नये, एवढीच विनंती.

त्याचे असे झाले. शहरातील एका संस्थेच्या वतीने युरोपातील अकरा तरुण-तरुणी तीन आठवड्यांसाठी आमच्या गावी आले. गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. प्राथमिक शाळेत मुलींसाठी दोन संडास बांधायचे आणि शाळेच्या भिंती रंगवायच्या, असे काम ठरले होते. पाहुण्यांनी ते मनापासून केले, हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्या गवंड्याच्या हाताखाली त्यांनी माल कालवला, विटा वाहिल्या, हाताला फोड आणून घेतले. ज्या देशाची भाषा येत नाही, पाणी मानवत नाही, तिथे स्वखर्चाने येऊन संडास बांधणाऱ्या माणसाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझा वाद आहे तो दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी झालेल्या ‘सांस्कृतिक संध्ये’शी.

परदेशात सेवेला गेलेल्या तरुणांनी तिथल्या लोकांसाठी असा एखादा कार्यक्रम करावयाचा, ही आता जवळजवळ रूढीच झाली आहे. त्यांनी त्यांची गाणी म्हणायची, गावाने आपली कला दाखवायची, मग एकत्र जेवण. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. मीही आधी तसेच म्हणत होतो.

संस्थेच्या मंडळींनी कार्यक्रम ठरवला. गावात कोणाला विचारले? सरपंचांना कळवले, एवढेच. शाळेच्या मुलांना आठ दिवस लेझीम बसवली. त्या आठ दिवसांत पाढे बंद. मंडप आला, मागे इंग्रजी फलक आला, त्यावर गावाच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले. जेवण शहरातल्या आचाऱ्याकडून. मग कोणाच्या तरी डोक्यात आले, की पाहुण्यांना ‘अस्सल ग्रामीण जीवन’ दाखवले पाहिजे. व्यासपीठावर दोन बायका जात्यावर दळताना आणि ओव्या म्हणताना दिसल्या पाहिजेत. आमच्या आळीत अजून जाते असलेले घर आमचेच. निरोप माझ्याकडे आला, कारण दुभाषा मी.

आमच्याकडे दळण गिरणीतून येते. मला कळते तेव्हापासून जाते कोपऱ्यात पालथे पडलेले, वर पोत्यांची थप्पी. चौघांनी ते उचलून मंडपात नेले. खुंटा कधीच गहाळ झालेला. सुताराने संध्याकाळपर्यंत नवा ठोकून दिला. आई रोज सहावारी नेसते. तिला आजीचे जुने नऊवार नेसवले. ती आणि माझी चुलती समोरासमोर बसल्या, ज्वारीची मूठ घातली आणि जाते फिरू लागले. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे आणि संस्थेचे पदाधिकारी. त्यांच्या मागे ताडपत्रीवर गाव. मोबाइल वर झाले आणि त्यांच्या उजेडात आईचे तोंड मला नीट दिसेना.

आईने म्हटलेली ओवी भावाविषयीची होती. सणाला त्याने न्यायला यावे म्हणून वाट पाहणारी बहीण, आणि तो येत नाही तेव्हा सासरच्या माणसांसमोर त्याची बाजू सावरून घेणारी तीच. माझ्या थोरल्या मामाला जाऊन सहा वर्षे झाली. शेजारी बसलेल्या जर्मन मुलीने मला हळूच विचारले, ‘या काय म्हणताहेत?’ मी म्हणालो, ‘कामाचे गाणे आहे.’ इंग्रजीत तेवढेच सुचले, हे एक कारण. दुसरे कारण असे, की टाळ्यांच्या त्या गोंगाटात मामाचे दुःख वाटून टाकण्याची मला लाज वाटली. कार्यक्रम संपल्यावर सगळे जेवायला उठले. आई मात्र वाकून जात्याभोवतीचे पीठ पदरात गोळा करत राहिली. निवेदकाला ते पसंत पडले नसावे. त्याला पुढच्या नाचासाठी जागा मोकळी हवी होती.

आता दुसरी हकिगत. त्यानंतर तीन दिवसांनी तीच जर्मन मुलगी माझ्याबरोबर आमच्या रानात आली. अण्णांनी आगटी पेटवली होती. आमच्याकडे पौषात ज्वारी दुधात भरली, की कोवळी कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, गरम असतानाच हातावर चोळतात आणि मऊ हिरवा हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर खातात. त्यातही गुळभेंडीचा हुरडा गोड. तो पाहुण्याला राखून ठेवतात. आगटी पाहून ती मुलगी हसायलाच लागली. तिच्या आजोबांच्या गावीही बटाट्याचे पीक काढून झाले, की शेतातच वाळलेले वेल पेटवतात आणि त्या राखेत बटाटे पुरून भाजतात म्हणे. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून तीन किलो बटाटे घेऊन आली. अण्णा म्हणाले, ‘आगटीत बटाटा? हुरड्याला वास लागंल की!’ मग स्वतःच बाजूला दुसरी आगटी खणायला बसले.

त्या संध्याकाळी एकेक करून अकराही जण आले. चटणी घेऊन चुलती आली, दही घेऊन शेजारचे आले, पोरे तर न बोलावता आली. एका फ्रेंच मुलाचा तळहात भाजला तेव्हा आमच्या आजीने त्याला धरून कणीस चोळायचे कसे ते दाखवले. दोघेही आपापल्या भाषेत बोलत होते आणि काम मात्र बरोबर होत होते. अण्णांनी राखेतला बटाटा सोलून मीठ लावून खाल्ला आणि ‘बरा हाय’ म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच पावती. दुभाष्याला त्या दिवशी काम नव्हते. मी पोटभर हुरडा खाल्ला.

दोन्ही प्रसंगी माणसे तीच, गाव तेच. मग एकात माझा जीव कोंडला आणि दुसऱ्यात मोकळा झाला, हे का? मला वाटते, रानात अण्णा यजमान होते. आगटी कुठे पेटवायची, बटाट्याला परवानगी द्यायची की नाही, हे त्यांच्या हाती होते. मंडपात मात्र आमच्याच गावात आम्ही पाहुणे होतो. पाहुणे म्हणणेही जास्तच झाले. जत्रेत तंबूबाहेर चित्र लावतात, तसे होतो.

या विषयावर वाचनालयात थोडी शोधाशोध केली. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेची चळवळ ज्यांनी सुरू केली, ते पिएर सेरेझोल हे स्वित्झर्लंडचे इंजिनिअर. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली फ्रान्समध्ये वर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात त्यांनी पहिली श्रमछावणी घेतली. ज्या देशाशी लढाई झाली त्या देशाचे, म्हणजे जर्मन तरुणही तिच्यात होते. जखमा ओल्या होत्या. विरोध झाला आणि काही महिन्यांतच छावणी आवरावी लागली. यजमानाला ‘नको’ म्हणता येते, हे त्या पहिल्याच छावणीने शिकवले, असे मी समजतो. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला तेव्हा हेच सेरेझोल भारतात आले आणि मुझफ्फरपूरकडच्या भागात खेडी पुन्हा उभारण्याच्या कामात राबले. त्यांच्या संघटनेचे तरुण १९५४ च्या सुमारास बाबा आमट्यांच्या आनंदवनातही आले आणि तिथे त्यांनी इमारती बांधल्या. वरोऱ्याचे लोक तोवर महारोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला कचरत. ती भाजी हे परदेशी तरुण रोज खाताना पाहून त्यांची भीड चेपली, असे सांगतात. एका पंगतीने एवढे काम केले. त्या पंगतीला निवेदक नव्हता.

आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस? १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. ते तिथेच राहिले, चिनी शिकले, चिनी मुलीशी लग्न केले. मुलाचे नाव ‘यिन हुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. दोन संस्कृतींचा मेळ घालायला त्यांना मंडप लागला नाही. हे उदाहरण फार मोठे झाले, हे मला कळते. तीन आठवड्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याकडून कोणी कोटणीस होण्याची अपेक्षा करीत नाही. पण तीन आठवड्यांत एक दिवस विचारण्यात गेला, तर काय बिघडेल? ‘आम्हांला तुमच्याबरोबर एक संध्याकाळ घालवायची आहे, ती तुम्हीच ठरवा,’ एवढे वाक्य कोणालाही पाठ करता येईल. दुभाष्यालासुद्धा.

मित्रहो, हे सारे परदेशी लोकांवर ढकलून मोकळे होता येत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर असते. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ही योजना सुरू झाली. सात दिवस आपण एखाद्या खेड्यात राहतो आणि शेवटच्या रात्री तिथे ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ करतो. त्या गावाला आपणही परदेशीच की! मी स्वतः मागच्या शिबिरात व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात दारुड्याचे काम केले. समोर बसलेल्यांपैकी दोघे मध्येच उठून गेले. आम्ही आपसांत म्हणालो, ‘बघ, लागलं!’ आणि हसलो. ते का उठले, हे विचारायला आमच्यातला एकही गेला नाही.

आणि स्नेहसंमेलनातला तो पारंपरिक वेशभूषेचा दिवस! धोतर, मुंडासे, खांद्यावर आसूड घेऊन ‘शेतकरी’ झालेल्या वर्गमित्रांना पाहून सगळे हसतात, फोटो काढतात. माझे अण्णा रोज धोतर नेसून कॉलेजवरून बाजारला जातात, तेव्हा फोटो कोणी काढीत नाही. गेल्या वर्षी त्या दिवशी ते मला डबा द्यायला फाटकाशी आले होते. एका मुलाने त्यांना ‘मस्त गेटअप!’ म्हटले. मी डबा घेतला आणि ते माझे वडील आहेत हे सांगितले नाही. ही गोष्ट मी आज प्रथमच कागदावर आणतो आहे.

हा लेख एवढा लिहून झाला तेव्हा तो मी घरी वाचून दाखवला. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘आरं, पर मला इचारलंस का तू कवा?’ मी म्हणालो, काय? ‘त्या दिवशी मला कसं वाटलं त्ये. मला बरं वाटलं. इतकी वरसं झाली, जात्यावर बसले न्हवते. तुझ्या मामाची ओवी मी एकलीच म्हनायची मनात. त्या दिशी गावानं ऐकली. साळूमावशी रडली मागं बसून. त्ये न्हाई लिवलंस?’

मला उत्तर सुचले नाही. संस्थेने तिला विचारले नाही म्हणून पाने भरून तक्रार करणाऱ्या माझ्याही हातून नेमके तेच घडले होते. लेख फाडून टाकावा असे वाटले. पण मंडपातल्या खुर्च्या कोणाला होत्या आणि ताडपत्री कोणाला होती, हे आईच्या बोलण्याने बदलत नाही. म्हणून लेख ठेवला आणि तिचे म्हणणेही ठेवले. वाचकांनी दोन्ही वाचावे.

एवढ्यावर ती थांबली नाही. ‘त्या पोरीला तू खोटं सांगितलंस,’ ती म्हणाली. ‘आता खरं काय ते लिहून धाड.’ पत्ता माझ्याकडे होता. तेव्हापासून मी ती ओवी इंग्रजीत लिहितो आहे. बहीण आली, सण आला, वाट पाहणे आले. ‘मुराळी’पाशी येऊन अडलो आहे. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. शब्दकोशात जे सापडते त्यावरून तो वाटाड्या वाटतो, नाहीतर पहारेकरी. इंग्रजीच्या सरांना विचारले. सर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘थांब, पाहतो.’ काल पुन्हा विचारले, तर म्हणाले, ‘तुझ्या आईला विचार, मुराळी आला की ती पहिल्यांदा काय करायची.’

आज शनिवार आहे. संध्याकाळच्या एस.टी.ने घरी गेलो, की विचारणार आहे.