मंदीच्या वर्षी रांगेत कोण उरतो?

मंदी आली की एमबीएला गर्दी वाढते, असा अमेरिकेचा अनुभव. तिथला अर्जदार बहुधा नोकरी करणारा असतो. तेजीत तो चालू पगार सोडत नाही. नोकरी गेली किंवा बढती अडली की दोन वर्षे शिकून घेतो. 2008 च्या पडझडीनंतर आणि 2020 मध्ये तिथे हेच झाले.

आपल्याकडे चित्र उलटे दिसले. 2009 साली कॅटचे अर्जदार आदल्या वर्षीपेक्षा घटले. 2019 मध्ये सुमारे 2 लाख 44 हजार जणांनी नोंदणी केली होती, करोनाच्या वर्षी ती 2 लाख 27 हजारांवर आली. आपली बहुतेक मुले पदवी संपवून थेट परीक्षेला बसतात. सोडायला त्यांच्याकडे नोकरी नसते आणि फी वडिलांच्या धंद्यातून यायची असते. कापसाचा भाव पडला की जिनिंगचे काम आटते. जळगावात डाळमिल, चटईचे कारखाने, रावेरकडे केळीची गाडी, धुळ्यात यंत्रमाग; यांपैकी एक चाक अडले तरी घरातला पहिला कापला जाणारा खर्च क्लासचा असतो. त्यातही आधी मुलीचा.

दुसरी कोंडी शहरातून येते. 2023 मध्ये आयटी कंपन्यांची भरती आखडली आणि त्याच वर्षी कॅटची नोंदणी सव्वातीन लाखांपुढे गेली. पुण्यातला दोन वर्षे नोकरी केलेला इंजिनिअर गाठीला पैसे बांधून परीक्षेला बसतो. मेहरूणचा बी.कॉम. झालेला मुलगा त्याच्याशी स्पर्धा करणार, तीही घरात उधारी चालू असताना. ‘आपली मुले मेहनत करत नाहीत’ हे आपणच आपल्याला सुनावतो, तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.

काही गोष्टी मात्र मंदीवर अवलंबून नाहीत. राज्यातील एमबीएचे प्रवेश सीईटी आणि कॅप फेरीतून होतात, आणि फी-सवलत कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी माफ आहे. आपल्यातील मोमीन, पिंजारी ही घराणी ओबीसीत येतात. यावल-रावेरचे तडवी अनुसूचित जमातीत. तरीही नॉन-क्रिमीलेअर किंवा वैधता प्रमाणपत्र वेळेत नसले की मुलगा मॅनेजमेंट कोट्याच्या दारात उभा राहतो आणि सवलत गमावतो. कर्ज काढावे तर व्याजाचा प्रश्न अनेक घरांत आहेच.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या बिरादऱ्या, शिक्षणसंस्था आणि मशीद कमिट्यांपुढे आमचा प्रस्ताव आहे. भाव चांगला असेल त्या वर्षी व्यापाऱ्यांनी शिक्षण निधीत रक्कम टाकावी, आणि ती त्याच वर्षी वाटून मोकळे होऊ नये. धंदा बसेल त्या वर्षी सीईटीचे शुल्क, क्लास आणि पहिल्या हप्त्यासाठी ती बिनव्याजी द्यावी. कागदपत्रांचे शिबिर परीक्षेच्या निकालानंतर नको, पदवीच्या शेवटच्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीतच घ्यावे.