भाचीचा पहिला कॅमेरा

गेल्या महिन्यात माझी भाची सोलापूरहून आली. जेवणं आटोपल्यावर तिने पिशवीतून एक वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "मामू, यातला कोणता घेऊ?" वहीत सात कॅमेऱ्यांची नावे होती. प्रत्येकापुढे मेगापिक्सेल, किंमत आणि सोबत काय फुकट मिळते याची नोंद होती. लग्नांत मेंदी काढून तिने दोन वर्षांत चाळीस हजार रुपये जमवले आहेत. ते तिला कॅमेऱ्यात घालायचे आहेत.

घरात मात्र यावर एकमत नाही. भाऊजींचे म्हणणे असे, की मोबाइलमध्ये चांगले फोटो येत असताना एवढे पैसे कशाला घालायचे? त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. दिवसाउजेडी, अंगणात, आजचा मोबाइल उत्तम फोटो काढतो. पण मागच्याच वर्षी याच घरात भाच्यासाठी हप्त्यावर मोटारसायकल आली, तेव्हा पायी चालता येत असताना गाडी कशाला, असे कोणी विचारले नव्हते.

मी वही बाजूला ठेवली आणि तिला विचारले, "फोटो कुठे काढणार आहेस?" ती म्हणाली, "शादीखान्यात, बायकांच्या बाजूला." मेंदी काढायला गेल्यावर तिला हेच विचारले जाते, की आमच्या बाजूचे फोटो कोण काढणार? आपल्याकडच्या बऱ्याच लग्नांत फोटोग्राफर पुरुष असतो आणि तो बायकांच्या दालनाच्या दारापर्यंतच येतो. आतले फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर निघतात. पुढे तो मोबाइल बिघडतो आणि फोटोही जातात. नवरीच्या नानीचा, खालाचा, मैत्रिणींचा एकही धड फोटो अल्बममध्ये नसतो. म्हणजे काम आहे आणि ते करणारी माणसे कमी आहेत. मुलीने हे कोणत्याही मासिकात न वाचता ओळखले, याचे मला कौतुक वाटले.

पहिला कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला माझे हेच सांगणे आहे. आधी काम ठरवा, मग लेन्स ठरवा आणि बॉडी सर्वांत शेवटी. आपण नेमके उलटे करतो. मीही केले होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दुकानातून दोन लेन्स, बॅग आणि तिपाई असा संच मोठ्या हौसेने आणला. त्यातली लांबची लेन्स वर्षभरात चार वेळा वापरली असेल. तिपाई आजही माळ्यावर आहे. त्याच पैशात एक चांगली लेन्स आली असती.

आता शादीखान्याचा विचार करा. जागा अरुंद, गर्दी दाट आणि उजेड पिवळट व कमी. कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ मिमीची लेन्स मिळते, तिचे छिद्र ३५ मिमीवर साधारण एफ ४.५ पेक्षा जास्त उघडत नाही. ३५ मिमी एफ १.८ ची लेन्स त्यापेक्षा सहापट उजेड आत घेते. साध्या लेन्सवर जिथे शटर सेकंदाच्या विसाव्या भागाइतके उघडे ठेवावे लागते, तिथे या लेन्सवर सव्वाशेव्या भागात काम होते. पहिल्या फोटोत हसणारी नवरी हललेली दिसेल, दुसऱ्यात तिच्या डोळ्यांतले पाणीसुद्धा स्पष्ट दिसेल. कॅमेरा महाग असो की स्वस्त, हा फरक लेन्समुळे पडतो.

बहुतेक जण नवशिक्यांना ५० मिमी एफ १.८ घ्यायला सांगतात. ती स्वस्त आहे आणि चांगलीही आहे. पण सुरुवातीच्या डीएसएलआरचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे तिची नजर कॅननवर ८० मिमी आणि निकॉनवर ७५ मिमीसारखी अरुंद होते. एकटीचा चेहरा टिपायला ती छान, पण नवरीभोवती बसलेल्या सहा जणी चौकटीत घ्यायच्या तर पाठ भिंतीला टेकते. म्हणून भाचीला मी ३५ मिमी सुचवली.

इथे एक खोच आहे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर बसतात, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्सवर एएफ-एस लिहिलेले असेल तर फोकस आपोआप होईल. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत असते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. पण कॅननची वेगळी गोष्ट आहे. २०१९ च्या २००डी मार्क २ मध्ये फ्लॅश बसवायच्या जागेतली मधली पिनच काढून टाकली आहे. फक्त त्या पिनवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर तिथे पेटतच नाहीत. लग्नाचे काम करणाऱ्याने हे पैसे देण्याआधी तपासावे.

मेगापिक्सेलचा हिशोब तर शाळकरी आहे. ४ बाय ६ इंचाची प्रत उत्तम छापायला सुमारे २२ लाख पिक्सेल लागतात, म्हणजे २.२ मेगापिक्सेल. १२ बाय १८ इंचाला साडेएकोणीस. आजच्या साध्या डीएसएलआरमध्ये २४ असतात. अल्बमला याहून जास्त लागत नाही. भाचीच्या वहीतली ती संपूर्ण रांग आम्ही खोडून टाकली.

आता राहिली बॉडी. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले आणि तेव्हापासून त्यांचे लक्ष तिकडेच आहे. निकॉनच्या सर्वांत स्वस्त मालिकेतला डी३५०० हा शेवटचा कॅमेरा त्याच वर्षी आला. मग मरत्या तंत्रात पैसे का घालायचे? कारण शिकणाऱ्यासाठी हीच संधी आहे. हौसेने घेतलेले आणि फारसे न वापरलेले डीएसएलआर लोक आज विकत आहेत. छिद्र, शटर आणि आयएसओ यांचे नाते कोणत्याही कॅमेऱ्यावर तेच राहते. निकॉनची एएफ-एस लेन्स पुढे अडॅप्टर लावून नव्या झेड कॅमेऱ्यावरही फोकससकट चालते.

जुना कॅमेरा घेताना मात्र डोळे उघडे हवेत. शटर हा झिजणारा भाग आहे. निकॉनच्या ताज्या फोटोच्या फाइलमध्ये शटर किती वेळा उघडले याचा आकडा असतो, तो संगणकावर पाहता येतो. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून आत बुरशीचे पांढरे जाळे दिसते का ते बघावे. छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. विकणारा हे करू देत नसेल तर सलाम करून निघावे.

दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. निकाह पुन्हा होत नाही. या साध्या कॅमेऱ्यांत कार्डाची जागा एकच असते आणि कार्ड बिघडले तर सगळा दिवस गेला. म्हणून सुरुवातीला पैसे घेऊन एकटीने काम धरू नये, कोणाच्या तरी हाताखाली करावे. दुसरी गोष्ट विश्वासाची. ज्या घरांनी परक्या पुरुषाला आत येऊ दिले नाही, ती भाचीला येऊ देतील ती मुलगी म्हणून. तिने एक फोटो जरी विचारल्याशिवाय स्टेटसला टाकला, तरी हे काम तिच्या हातून जाईल आणि तिच्यामागून येणाऱ्या मुलींच्याही. फोटो घरच्यांच्या हाती द्यावेत, आपल्याकडे काय ठेवायचे ते त्यांना विचारून ठरवावे.

शेवटी तिने वापरलेला डी५३०० घेतला. त्याची स्क्रीन बाहेर वळते, गर्दीत हात उंच करून फोटो काढता येतो. सोबत ३५ मिमीची लेन्स, दोन कार्डे आणि एक जादा बॅटरी. चाळीस हजारांतले काही पैसे उरले, ते फ्लॅशसाठी ठेवले आहेत. भाऊजी अजून फारसे बोलत नाहीत. पण परवा बहिणीने फोनवर सांगितले, की त्यांनी आपल्या अम्मींना खिडकीपाशी बसवले आणि भाचीला म्हणाले, "हिचा एक चांगला काढ." त्या घरात आजवर अम्मींचा एकच फोटो होता, रेशन कार्डावरचा.

मुलाची गाडी गरज आणि मुलीचा कॅमेरा शौक, हा हिशोब आपल्या घराघरांत आहे. तो मांडताना एवढेच विचारावे, की दोघांपैकी कोणती वस्तू घरात कमाई आणणार आहे? उत्तर कधी गाडी असेल, कधी कॅमेरा. पण प्रश्न दोघांनाही सारखाच विचारला गेला पाहिजे.