सतरावी प्रतिज्ञा आणि घरची सून

वर्षावासाच्या कार्यक्रमासाठी आम्ही कळमनुरी तालुक्यातील एका वस्तीत गेलो होतो. वंदना झाली. एक सासूबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, पोराला दारू सोडवायला भरती केलं व्हतं. पण सूनबी घेती. सहावा महिना हाय. तिला कुठं न्यावं? अन् थोरलं लेकरू कोण सांभाळणार?"

मुलाबद्दल उघड बोलणाऱ्या बाईंचा आवाज सुनेचा विषय निघताच खाली गेला. बंधूभगिनींनो, आपली चूक इथेच होते.

आईने घेतलेली दारू पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. गरोदरपणी थोडी दारूही सुरक्षित नाही. मिश्री-तंबाखूचेही तेच. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली.

मात्र रोज पिणाऱ्या बाईला घरात कोंडून दारू एकदम तोडू नये. तिला झटके येऊ शकतात, दोन्ही जिवांना धोका होतो. आधी जिल्हा रुग्णालयात दाखवावे, काहीही न लपवता.

व्यसनमुक्ती केंद्रे बहुतेक पुरुषांचीच. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने २००९ मध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा निवासी विभाग काढला. आपल्याकडून तो एका रात्रीचा प्रवास. १४४४६ या सरकारी मोफत क्रमांकावरही केंद्रांची चौकशी करता येते. कितवा महिना आहे, अंगावर पिणारे मूल आहे का, हे आधीच सांगावे. मूल सोबत ठेवता येईल का, तेही विचारावे.

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या बिलाला पाठिंबा दिला. आईची विश्रांती हा केवळ तिच्या घरचा प्रश्न नाही, देशाच्या हिताचा आहे, ही त्यांची भूमिका होती. मग आईच्या उपचाराचे काय? आई-मुलाला एकत्र ठेवणाऱ्या खाटा प्रत्येक जिल्ह्यात हव्यात. ही मागणी आपणच केली पाहिजे.

बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा नशेपासून दूर राहण्याची आहे. ती सुनेवर उगारायची काठी नव्हे. त्या सायंकाळी विहारातल्या दोन उपासिका पुढे आल्या. "लेकरू आमच्याकडं ऱ्हाईल," म्हणाल्या. सोमवारी सासू-सून दवाखान्यात गेल्या.

आपल्या वस्तीत असे लेकरू कोण सांभाळेल? येत्या पौर्णिमेला विहारात एवढे तरी ठरवा.

जयभीम!