रुपयावरून तुटलेला शेजार (थ्रेड)

१/ भारत-पाकिस्तान व्यापार फाळणीने संपवला, असे सर्रास सांगितले जाते. काहीजण तो दोष युद्धांकडे देतात. दोन्ही मते सोयीची आहेत, कारण त्यांत कोणत्याही अर्थखात्याला जाब विचारावा लागत नाही. कालक्रम मात्र वेगळी साक्ष देतो.

२/ ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच काम पाहत होती. भारतीय नोटांवर 'पाकिस्तान सरकार' असे छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. त्याच काळात काश्मीरमध्ये युद्ध पेटलेले होते! तरीही १९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत होता.

३/ शस्त्रसंधी झाली १ जानेवारी १९४९ रोजी. व्यापार कोसळला तो त्यानंतर, शांततेच्या पहिल्याच वर्षात.

४/ १८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. भारताने पाठोपाठ रुपया उतरवला. पाकिस्तानने नकार दिला. परिणामी १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये असा दर झाला. दिल्लीने तो दर मान्यच केला नाही.

५/ कराचीचे गणित अगदीच वेडगळ नव्हते. ताग आणि कापूस यांना गिऱ्हाईक होतेच, शिवाय बाहेरची यंत्रे स्वस्त पडणार होती. चूक होती ती शेजाऱ्याला पर्यायच नाही असे गृहीत धरण्यात. दिल्लीची चूक त्याहून मोठी: सार्वभौम देशाने आपल्या चलनाचा दर ठरवणे हा तिला अपमान वाटला.

६/ किंमत कोणी मोजली? अखंड हिंदुस्थानातील तागाचा मोठा हिस्सा पूर्व बंगालमध्ये पिकत असे आणि गिरण्या जवळजवळ सगळ्या हुगळीकाठी, भारतात. पूर्व बंगालमध्ये एकही नव्हती. ताग अडला, तसा डिसेंबरमध्ये भारताने दगडी कोळसा रोखला. इकडे गिरण्यांचे तास घटले, तिकडे शेतकऱ्याच्या दारात माल पडून राहिला. त्या शेतकऱ्याला ना कराचीने विचारले होते, ना दिल्लीने. मुंबईच्या गिरण्यांनाही सिंध-पंजाबच्या कापसाची वाण भासली. तो सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता.

७/ आणि शेवट? फेब्रुवारी १९५१ च्या व्यापार करारात भारताने तोच दर स्वीकारला. सतरा महिन्यांच्या ताठ्यातून हाती काय लागले, हे राष्ट्राभिमानी इतिहासकारांनी एकदा सांगावे. दरम्यान कोरियन युद्धामुळे तागाचे भाव चढले होते. भारताने भाताच्या जमिनीवर ताग वाढवला (तोही अन्नटंचाईच्या दिवसांत), तर नारायणगंजला पाकिस्तानने स्वतःच्या गिरण्या उभारल्या. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले आणि दोन्ही रुपये पुन्हा समान झाले. परस्परांची गरज तोवर उरली नव्हती.

८/ भांडवलाची कथा याहून उदास आहे. हबीब बँक १९४१ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कराचीला गेली. १९६५ च्या युद्धात दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या नागरिकांची मालमत्ता 'शत्रूची' म्हणून ताब्यात घेतली. भारताने त्यासाठी १९६८ मध्ये कायदाही केला.

९/ पाकिस्तानी गुंतवणुकीला भारताने परवानगी दिली ती थेट ऑगस्ट २०१२ मध्ये, तीही सरकारी मंजुरीच्या अटीवर. ज्यांच्या वडिलांच्या पेढ्यांना टाळे लागले होते, त्यांच्याकडून भांडवलाची अपेक्षा केली गेली. २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसले, तेव्हा 'युद्धात व्यापार शक्यच नसतो' हे वाक्य पुन्हा ऐकू आले. १९४८ ची आयात-निर्यातीची आकडेवारी तेव्हाही कोणी उघडून पाहिली नाही.