रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा मिनिटे

ऑक्टोबर २०२२ मध्ये विरारला गरबा खेळता खेळता पस्तिशीचा एक तरुण कोसळला. रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केले. ते ऐकून त्याचे वडीलही कोसळले आणि तेही गेले. एका रात्रीत बाप-लेक. बातमी देशभर फिरली आणि चर्चा झाली ती नेहमीचीच, "हल्ली तरुणांना अटॅक का येतात" याची. लस, जिम, बाहेरचे खाणे, मोबाइल, सगळ्यावर बोलून झाले. माणूस जमिनीवर पडल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या मिनिटांत काय व्हायला हवे, यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. जगभरातले संशोधन तर गेली साठ वर्षे याच मिनिटांकडे बोट दाखवते आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण सगळ्यालाच "अटॅक" म्हणतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. छातीत दुखते, घाम फुटतो, पण माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचे पंपिंगच थांबणे. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि नीट श्वास घेत नाही. पहिल्यातून दुसरे होऊ शकते, पण दोन्ही एक नव्हेत. कोसळलेल्या माणसाला कधी कधी आचके लागतात. लोकांना वाटते, श्वास चालू आहे. मग कोणी पाणी पाजते, कोणी तळपाय चोळते, कोणी कांदा हुंगवते. हलवून, हाक मारून माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नुसते आचके देत असेल, तर हृदय बंद पडले असे समजूनच कामाला लागायचे असते.

काम काय? छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा. हाच सीपीआर. त्यासोबत एईडी हे विजेचा झटका देणारे यंत्र मिळाले तर उत्तम. ते स्वतःच बोलून पुढची पायरी सांगते. ज्या हृदयाला झटक्याने ताळ्यावर आणता येते, त्याच्या बाबतीत दाब मिळाला नाही तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटे काहीच झाले नाही, तर पुढे कितीही मोठे रुग्णालय असले तरी त्याच्या हाती फारसे उरत नाही.

आता हे गणित वसई-विरारला लावून पाहा. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत शिरणारी गल्ली, स्टेशनबाहेरची रिक्षांची रांग, पावसाळ्यात साचलेले पाणी, आणि गंभीर रुग्ण म्हटला की मीरा रोड-बोरिवलीकडे धाव. ३१ जुलै २०२५ रोजी झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या पालघरच्या एका महिलेला मुंबईला नेत असताना रुग्णवाहिका राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच्या कोंडीत अडकली आणि तिचा जीव गेला. ती हृदयरुग्ण नव्हती आणि तिच्याकडे मोजायला तास तरी होते. हृदय बंद पडलेल्याकडे मिनिटे असतात. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली, आणि ती हवीच. पण चालक कितीही मनापासून धावला तरी चौथ्या मिनिटाला तो चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचणार नाही. तिथे फक्त शेजारी पोहोचतो.

वैद्यकीय संशोधनाचा कलही तिकडेच आहे. हृदय बंद पडले की अॅड्रिनलिनचे इंजेक्शन देतात, हे आपण सिनेमातही पाहतो. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले: तीस दिवसांनी औषध मिळालेल्यांपैकी ३.२ टक्के जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी २.४ टक्के. मेंदू शाबूत राहून जगणाऱ्यांच्या प्रमाणात ठोस फरक दिसलाच नाही. रुग्णाचे शरीर थंड ठेवण्याच्या उपचाराबद्दल मोठी आशा होती. २०२१ च्या मोठ्या चाचणीत, नुसता ताप येऊ न देण्यापेक्षा त्याचा अधिक फायदा दिसला नाही.

याउलट डेन्मार्ककडे पाहा. तिथे शाळेत आणि वाहन परवाना काढताना सीपीआर शिकणे सक्तीचे केले गेले, सोबत इतर सुधारणाही झाल्या. २००१ मध्ये दर शंभरपैकी २१ रुग्णांना आसपासच्या माणसाकडून दाब मिळत होता. २०१० मध्ये ४५ जणांना. त्याच काळात तीस दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेले. अमेरिकेतल्या कॅसिनोंमधला २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपल्या मुलांनी वाचावाच. तिथे झटका देणारे डॉक्टर नव्हते, सुरक्षारक्षक होते. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत ज्यांना झटका मिळाला, त्यांच्यापैकी ७४ टक्के बरे होऊन घरी गेले. आपल्याकडे टॉवरच्या गेटवर बारा-बारा तास उभी राहणारी पोरे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे वेगळे सांगायला नको. त्यांना शिट्टी आणि रजिस्टर मिळते. हे शिक्षण कोणी देत नाही.

आणि इथेच हा विषय आरोग्याच्या पानावरून आपल्या पानावर येतो. दाब कोणाला मिळतो आणि कोणाला नाही? अमेरिकेतल्या १४ हजारांहून अधिक घटनांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसले की, गरीब कृष्णवर्णीय वस्तीत कोसळलेल्या माणसाला आसपासच्यांकडून सीपीआर मिळण्याची शक्यता श्रीमंत, कृष्णवर्णीय नसलेल्या वस्तीच्या तुलनेत जवळपास निम्मी होती. गरीब वस्तीत प्रशिक्षणच पोहोचलेले नसते, असे म्हणून तो विषय मिटवता आला असता. पण २०२२ च्या अभ्यासाने पुढचे सांगितले. सार्वजनिक ठिकाणी, लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलेल्या गोऱ्यांपैकी ६० टक्क्यांना मदतीचा हात मिळाला; कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिकांपैकी ४५.६ टक्क्यांना. हात तेच, पण ते कोणाच्या छातीवर पडतात हे कातडीवर ठरले. जातीच्या देशात हा हिशेब कोणी मांडला तर काय दिसेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

त्याच अमेरिकेत याचे उत्तरही घडले होते. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तोवर तिथे रुग्णाला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. सीपीआरच्या जनकांपैकी एक असलेल्या डॉ. पीटर साफर यांनी वस्तीतल्या, ज्यांना कोणी नोकरी देत नव्हते अशा तरुणांना प्रशिक्षण दिले. शाळाही पूर्ण न केलेले काही जण त्यांत होते. हीच मुले अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिकांपैकी ठरली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी पुढे देशभरच्या पॅरामेडिकांचा अभ्यासक्रम लिहिला. आणि १९७५ मध्ये शहर प्रशासनाने आपली सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद पाडले. ज्यांनी वाट पाडली, त्यांच्यातले बरेच जण नव्या व्यवस्थेतून बाहेर फेकले गेले. ब्लॅक पँथरवरून दलित पँथरने नाव घेतले हे आपण अभिमानाने सांगतो. फ्रीडम हाउसची गोष्टही आपल्या पोरांना ठाऊक असायला हवी, शेवटासकट.

राहिला स्पर्शाचा प्रश्न. तोंडाने श्वास देण्याची किळस आणि भीती अनेकांना अडवते. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त दाब देण्याची पद्धत मांडून हा अडसर काढला. (अर्नाळा-राजोडीला बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल, तर मात्र श्वासही लागतो. ते प्रशिक्षणात शिकावे.) दुसरी भीती अधिक खरी आहे. आपल्या वस्तीतला मुलगा रस्त्यावर पडलेल्या अनोळखी बाईच्या छातीवर हात ठेवायला धजेल का? त्याच्या आईला विचारा, ती म्हणेल, मार खाऊन येईल. अमेरिकेतही सार्वजनिक ठिकाणी पुरुषांपेक्षा स्त्रियांना सीपीआर कमी मिळतो. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या रांगेत महिला मंडळे हवीत. कायद्याबद्दल स्पष्ट असावे: मोटार वाहन कायद्याचे २०१९ मध्ये आलेले कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण ते वाहन अपघातापुरते. इतर प्रसंगी भारतीय न्याय संहितेचे कलम ३० आहे. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र हृदय बंद पडलेल्याला वाचवणाऱ्याचे नाव घेऊन संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा व्हावा, ही मागणी रास्त आहे.

केंद्र सरकारने सीपीआर प्रशिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम ६ डिसेंबर २०२३ रोजी केला. त्याच दिवशी चैत्यभूमीवर लाखो माणसे रांगेत उभी होती, त्यांत रात्रभर प्रवास करून आलेले म्हातारे-कोतारे होते. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक ती गर्दी सांभाळतात. एप्रिलच्या उन्हातली जयंतीची मिरवणूक, बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर जमणारे उपासक-उपासिका, रविवारचे विहार. शिस्त आणि माणसे आपल्याकडे आधीच आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ वर्षांवरील मुलांनाही हे नीट शिकवता येते. विहारात एक पुतळा आणि एक प्रशिक्षित माणूस मिळाला, तर दुपारभरात तीस जण तयार होतात.

पण विहार शिकवेल म्हणून महापालिका सुटत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर होतो. त्यात तीन गोष्टी विचारा: आपल्या प्रभागात गेल्या वर्षभरात १०८ ला फोन केल्यापासून गाडी दारात यायला सरासरी किती मिनिटे लागली, महापालिकेच्या कोणत्या इमारतींत, नाट्यगृहांत, मैदानांवर एईडी बसवले आहे, आणि सफाई कामगार व सुरक्षारक्षकांपैकी किती जणांना सीपीआर शिकवला आहे.