लाल वस्त्रातला फिर्यादी

एखादा मुख्यमंत्री जनता दरबार भरवतो, तेव्हा त्याच्या ‘न्यायी राजा’ असण्याचे कौतुक होते. या प्रतिमेमागे इराणी राजविचाराची मोठी परंपरा आहे. ‘दाद’ आणि ‘फिर्याद’ हे आपले रोजचे शब्दही फारसीतूनच आले. ‘दाद’ म्हणजे न्याय, आणि ‘फर्याद’ म्हणजे आक्रोश.

सेल्जुक सुलतानांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने अकराव्या शतकाच्या अखेरीस ‘सियासतनामा’ लिहिला. राजाने आठवड्यातून दोन दिवस प्रजेची गाऱ्हाणी कोणाही मध्यस्थाविना ऐकावीत, असा त्यात आग्रह आहे. त्यातली एक कथा मला विशेष अर्थपूर्ण वाटते. एका राजाला कमी ऐकू येई. भोवतालचे लोक फिर्याद्याचे म्हणणे प्रामाणिकपणे आपल्यापर्यंत पोहोचवणार नाहीत, ही त्याची भीती. म्हणून ज्यांच्यावर अन्याय झाला असेल त्यांनीच लाल वस्त्र नेसावे, इतर कोणी नाही, असे फर्मान त्याने काढले. मग तो हत्तीवर बसून मैदानात येई आणि लाल दिसेल त्याला जवळ बोलावून त्याचे ऐके. हे लिहिणारा वजीर स्वतःच राजा आणि प्रजा यांच्यामधला सर्वांत बलाढ्य मध्यस्थ होता, हेही ध्यानात ठेवावे!

नौशेरवानच्या घंटांच्या साखळीची कथाही याच ग्रंथात आहे. १६०५ मध्ये गादीवर येताच जहांगीरने आग्ऱ्याच्या किल्ल्यापासून यमुनाकाठच्या दगडी खांबापर्यंत साठ घंटांची सोन्याची साखळी बांधण्याचा हुकूम दिला, तो याच आदर्शाला स्मरून.

मात्र या विचारात प्रजा हक्कदार नव्हती. सैन्यावाचून राज्य नाही, द्रव्यावाचून सैन्य नाही, सुखी रयतेवाचून द्रव्य नाही आणि न्यायावाचून रयत सुखी नाही, असे त्याचे चक्र होते. रयत जपायची ती खजिना भरावा म्हणून. ज्या नौशेरवानच्या न्यायाचे दाखले शतकानुशतके दिले गेले, त्यानेच मज्दकच्या अनुयायांचा निर्दयपणे बीमोड केला. त्यांच्यासाठी घंटा नव्हती.

जनता दरबारातही अर्जदार पदरी कृपा पडावी म्हणूनच उभा असतो. त्याचा अर्ज वरून शेरा मारून ज्या कार्यालयाकडे जातो, पुष्कळदा त्याच कार्यालयाविरुद्ध त्याची तक्रार असते. राजाने ज्या मध्यस्थाला टाळण्यासाठी हत्ती गाठला, तोच येथे न्याय करायला बसतो.

याउलट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला तीस दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क दिला. त्यासाठी कोणाच्या दर्शनाची गरज उरली नाही. पहिल्या अपिलालाही कायद्याने मुदत घातली आहे. माहिती आयोगापुढील दुसऱ्या अपिलाला मात्र ती नाही, आणि अर्जदार वाट पाहत राहतो तो तेथे. संसदेने ती मुदत घालावी, आयोगांतील रिक्त जागा वेळेवर भराव्यात. दरबारांच्या छायाचित्रांपेक्षा माझी मागणी एवढीच आहे.