वय झालं म्हणे!

"वय झालं" हे आपल्याकडचं सर्वात स्वस्त निदान. त्याला तपासणी लागत नाही, फी लागत नाही, आणि रोगी चार पायांचा असला तर उलट बोलण्याचीही भीती नाही. १३ वर्षांचा मोती रात्री अडीच वाजता घरभर नखं टकटकवत येरझाऱ्या घालतो, मध्येच भिंतीकडे बघत उभा राहतो. मंडळी कूस बदलून म्हणतात, "वय झालं त्याचं!" नि घोरू लागतात. मोती जागाच.

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. वय हा काही रोग नव्हे. तसं असतं तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आमच्या काउंटरवर येणारे पेन्शनर इतक्या जोमाने भांडले नसते. म्हाताऱ्या कुत्र्याला माणसासारखाच स्मृतिभ्रंश होऊ शकतो. मग तो दिवसा झोपतो, रात्री जागतो, आणि दार उघडायची वाट बघत नेमका बिजागरीच्या बाजूला उभा राहतो. कधी सांधे ठणकत असतात, कधी दिसत-ऐकू येत नसतं. भेदरलेला जीव मग उकाडा नसताना धापा टाकतो, झोप नसताना जांभया देतो, सारखे ओठ चाटतो, पायांत घोटाळतो. आपण कौतुकाने म्हणतो, "लाडात आलाय!"

मांजराच्या वाट्याला तर कौतुकही नाही. ती मुळात दुखणं लपवणारी जात. कपाटामागे दडून बसेल, अंग चाटायचं सोडेल, नाहीतर एकच जागा चाटून चाटून टक्कल पाडेल. रात्री भेसूर ओरडली की शिव्या खाते. पण त्यामागे वाढलेलं थायरॉईड किंवा रक्तदाब असू शकतो, आणि त्या रक्तदाबाने तिची नजर एकाएकी जाऊही शकते. ट्रेबाहेर घाण केली की, "मुद्दाम करते मेली!" अहो, ट्रेची कड चढताना तिचे गुडघे दुखत असतील! मुद्दाम छळणारे प्राणी मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना पाहिलेत. सगळे दोन पायांचे होते.

त्यात घरोघरचे धन्वंतरी. "अर्धी पॅरासिटामॉल द्या की!" ही अर्धी गोळी मांजराच्या जिवावर बेतते, हे या धन्वंतरींना कोण सांगणार?

रात्री एखादा दिवा ठेवा, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, आणि दर सणाला सोफा इकडचा तिकडे करण्याची हौस जरा आवरा; नीट न दिसणाऱ्याला तोच घराचा नकाशा असतो. गुरांच्या डॉक्टरकडे जाऊन "हल्ली विचित्रच वागतो हो" एवढंच सांगू नका. किती वाजता उठला, किती वेळ फिरला, कुठे घाण केली, हे पंधरा दिवस वहीत मांडा. दुधाचा हिशेब अर्ध्या लिटरपर्यंत ठेवतोच की आपण! आणि वहीकडे न बघता डॉक्टरही "वय झालं" म्हणाले, तर दुसरा डॉक्टर गाठा. वही मात्र तिथून परत घ्या.